एकोणीस इंच

आर्वो हाउताला एक्केचाळीस वर्षं बर्फ मोजत होता. पगार शून्य. पंचवीस वर्षं झाली तेव्हा हवामान खात्यानं कोटाला लावायची एक पिन पाठवली होती, ती त्याच्या बायकोनं, साइमानं, स्वयंपाकघरातल्या पडद्याला लावून टाकली. अंगणात पांढरी रंगवलेली फळी होती. दर सहा तासांनी तिच्यावर पट्टी उभी धरायची, आकडा वहीत लिहायचा, फळी पुसायची आणि पुन्हा ताज्या बर्फावर ठेवायची. मागचं सगळं विसरून नव्यानं मोजायला लागायचं. माणसं एकमेकांशी अशी वागली असती तर निम्मी लग्नं टिकली असती, असं साइमा म्हणायची.

सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर हिवाळ्यात बोलायला दुसरं काही नसतं. लोक वादळांची नावं जावयांसारखी घेतात: कोण कधी आलं, किती दिवस राहिलं, काय मोडून गेलं. त्यांत एकोणऐंशीचं वादळ सगळ्यांत मानाचं. त्या दिवशी हाउतालांच्या गोठ्याचं छप्पर दोन गाईंवर कोसळलं. आर्वो धावला, पण आधी फळी पुसून. त्याचा आकडा सव्वीस इंच. अर्ध्या मैलावरचा शेजारी ओन्नी केस्किला सांगायचा बत्तीस. अठरा वर्षं हा वाद चालू होता आणि अठरा वर्षं गाव आर्वोच्या बाजूनं होतं. ओन्नीचा मासा आणि ओन्नीचा बर्फ निम्मा करून घ्यावा, अशी तिथं म्हणच पडली होती. आर्वोचा आकडा मात्र कुणी पुन्हा विचारत नसे. एका वर्षी शाळेच्या मास्तरीणबाईंनी अर्धा इंच वाढवा म्हणून गळ घातली होती, म्हणजे शाळेला सुट्टी मिळाली असती. त्यांनी नीसूची, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाची, अख्खी लादी आणली होती. आर्वोनं पाव ठेवून घेतला, आकडा तसाच ठेवला.

त्या जानेवारीत साइमाच्या दोन्ही किडन्या जवळपास थांबल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला शहरात डायलिसिसला न्यावं लागे, बावीस मैल. शनिवारचं डायलिसिस झालं. मंगळवारी वादळ लागलं.

उत्तरेकडच्या पाच रस्त्यांना बर्फ काढणाऱ्या गाड्या दोन. ज्या रस्त्यावर बर्फ जास्त, तिथं गाडी आधी. आणि कुठं किती पडला हे रस्ते खात्याला कोण सांगणार? त्या रस्त्यावर राहून मोजणारा माणूस. मंगळवारी आर्वोनं सहा इंच सांगितले, कारण सहाच होते. त्याच्या रस्त्याचा नंबर शेवटचा लागला. गाडी चार वाजता आली, डायलिसिसवाले तीननंतर कुणाला घेत नाहीत. मधल्या वेळात ओन्नीनं आपली बर्फावरची स्कूटर आणून बघितली, पण साइमाला मागं धरून बसता येईना. फाटकापर्यंत जायच्या आत ती बाजूच्या ढिगात पडली.

"बरं झालं," ती पडल्या पडल्या म्हणाली. "निदान कुठं पडायचं ते मी ठरवलं."

बुधवारी डायलिसिसवाले बंद. ती बोलायची कमी झाली. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सारखेच जाड दिसायला लागले. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून खुर्चीतच बसून राही.

गुरुवारी सकाळी सातला पट्टी अकरावर थांबली. आर्वोनं ती काढून दुसरीकडं रोवली. अकरा. त्यानं वहीत अकरा लिहिलं, कारण वहीशी खोटं बोलायचा त्याला धीर झाला नाही. मग आत जाऊन रस्ते खात्याच्या मार्लिनला फोन लावला.

"मार्लिन, आर्वो बोलतोय. एकोणीस."

"एकोणीस? अहो, पलीकडच्या रस्त्यावर तर बाराच आहेत."

"सरोवरावरून ढगांचा एकच पट्टा आलाय. तो आमच्या डोक्यावर."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणार," मार्लिन म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आर्वोनं साइमाच्या पायात मोजे घातले. बूट चढेनात, म्हणून मोज्यांवर आणखी मोजे. साडेसातला मार्लिनचाच फोन आला.

"आर्वो, तुमचा रस्ता बंद केलाय हं. वारा पडेपर्यंत."

"बंद? म्हणजे?"

"या वर्षीचा नियम. अठराच्या वर गेला आणि वारा असला की गाडी पाठवायची नाही. मागच्या साली एक गाडी दोन दिवस गाडली गेली होती ना? पूर्वी चोवीसला होतं. तुम्हाला कागद आला असेल."

कागद आला होता. त्याच्या पाठीवर साइमाच्या गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या.

"रुग्णवाहिका?"

"ती गाडीच्या मागून येते. गाडी नाही तर तीही नाही. आणि या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही."

आर्वो म्हणाला, "मार्लिन, एकोणीस नाहीत. अकरा आहेत. मी खोटं बोललो."



"आर्वो," ती अगदी हळू म्हणाली, "साइमाचं मला माहीत आहे. तुमच्या जागी मी असते तर मीसुद्धा अकराच सांगितले असते."

"अगं, पण अकराच आहेत!"

"तुम्ही एक्केचाळीस वर्षांत आकडा बदललेला नाही. आज नेमका बदलताय. गाडी चालवणाऱ्या गॉर्डीला मी एकोणीस इंचात कशी घालू? त्याला तीन मुलं आहेत."

"वहीत अकरा लिहिलंय. बघ येऊन."

"येऊ कशी?" मार्लिन म्हणाली. ती रडत होती की काय, ते त्याला कळलं नाही.

आतून साइमाचा श्वास ऐकू येत होता, ओल्या लाकडात करवत अडकावी तसा. आयुष्यभर खरं बोलून जमवलेली सगळी पत आर्वोनं एका सकाळी एका खोट्यावर लावली होती, आणि ते खोटं आता त्याच विश्वासाच्या जोरावर घट्ट उभं होतं. ते पाडायला त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. ज्याला कुणी कधी खरं मानलं नाही असा एकच माणूस त्या रस्त्यावर होता. आर्वोनं त्याचा नंबर फिरवला.

"ओन्नी, तुझ्याकडं किती पडलाय?"

"बावीस! आणि आता तू म्हणशील—"

"मोजलास?"

"अजून बाहेर गेलो नाही."

"जाऊन मोज. मी फोन धरून थांबतो."

थांबला. ओन्नी धापा टाकत परत आला. "दहा. फार तर साडेदहा. कुणाला सांगू नकोस."

आर्वोनं त्याला सगळं सांगितलं. ओन्नीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तू आठ इंच चढवलेस. तू!"

"हो."

"आणि मी मार्लिनला फोन करून दहा सांगायचे. अरे, लोक काय म्हणतील मला? मी दहा इंच उभ्या जन्मात सांगितलेले नाहीत."

"ओन्नी, तिला श्वास घेता येत नाहीये."

"करतो. करतोच," ओन्नी म्हणाला. पण माणसाचा स्वभाव मरणाच्या दारातही चप्पल काढून आत येत नाही. "फक्त एकोणऐंशीचं तेवढं सांग. बत्तीस होते ना?"

आतली करवत एकदा थांबली, आणि मग पुन्हा चालू झाली.

"बत्तीस."

"वहीत?"

फडताळात सगळ्या वह्या ओळीनं होत्या. आर्वोनं एकोणऐंशीची काढली, सव्वीसवर रेघ मारली आणि शेजारी बत्तीस लिहिलं. "लिहिलं."

"खरंच लिहिलंस?" ओन्नीचा आवाज एकदम पडला. "अरे बाबा... मी आपलं... खोडायचं कशाला होतं?"

"फोन कर, ओन्नी."

पाच मिनिटांत मार्लिनचा फोन आला. ती जवळजवळ ओरडलीच. "ओन्नी केस्किला दहा म्हणतोय! म्हणजे पाच-सहाच असतील. गॉर्डी निघालाय!"

गाडी पावणेबाराला फाटकाशी आली, मागं रुग्णवाहिका. गॉर्डीनं खाली उतरून बर्फात बूट रोवून बघितला, आर्वोकडं मात्र बघितलं नाही. साइमाला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. बावीस मैलांना सव्वा तास लागला. वाटेत तिचे ओठ निळे झाले. रुग्णवाहिकेतल्या पोरीनं ऑक्सिजनची नळी नाकाशी नीट बसवली आणि आर्वोला साइमाचा हात चोळत राहायला सांगितलं. तो चोळत राहिला. साइमानं एकदा डोळे उघडले.

"किती सांगितलेस?" तिनं विचारलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं तर.

"एकोणीस."

"बावळट," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. पण हात काढून घेतला नाही.

डायलिसिसच्या दाराशी परिचारिकेनं चाकाची खुर्ची ताब्यात घेतली. अंगात किती पाणी साचलंय ते वजनावरून काढावं लागतं. ती फॉर्म भरायला घाईघाईनं पेन उघडत म्हणाली, "काका, आज सकाळी घरी वजन केलं असेल ना? तुम्ही तर मोजणारे. तुमचा आकडा लिहून टाकते, वेळ वाचेल."

आर्वोनं सकाळी साइमाला धरून काट्यावर उभं केलं होतं. आकडा त्याला पाठ होता.

"नको," तो म्हणाला. "तुम्हीच करा. माझ्या सांगण्यावर जाऊ नका."