सुतकात उघडलेलं दार

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी चर्च झाडलं. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं काम. मी झाडू मारत होतो, बायको मागून ओल्या फडक्याने बाकं पुसत होती आणि मला बोलत होती.

"अहो, ठोकू नका तो झाडू. लाकूड म्हातारं आहे, तुमच्याहून म्हातारं."

मग पुढच्या बाकावर बसून तिने पिशवीतले शेंगदाणे काढले. देवासमोर खाऊ नये म्हटलं, तर म्हणाली सालं खाली पाडू नका म्हणजे झालं.

संध्याकाळी चहा ठेवताना ती ओट्याला धरून खाली बसली. छातीत कसंतरी होतंय म्हणाली. अँब्युलन्स आली, टौरंगा शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. तिथे गेली. याहून जास्त मला सांगता येत नाही.

आमचं गाव टौरंगापासून आत, किवीच्या बागांमध्ये. इंग्रजांनी वसवलेलं. त्यांच्या गावाकडे असतं तसंच चर्च बांधलं, शेजारी कबरी, फक्त दगडाऐवजी लाकूड. मुलाने आम्हाला देश सोडून इथे आणलं आणि तो नोकरीसाठी लांब हेन्डरसनला गेला. मी पॅकहाऊसमध्ये फळं भरायचो. आम्ही राहिलो.

आम्ही काही ख्रिश्चन नाही. शेजारची गोरी म्हातारी एकटीच चर्च झाडताना दिसली, म्हणून बायकोने तिच्या हातातला झाडू घेतला. तेव्हापासून पाळीत आमचंही घर. ज्याची पाळी त्याच्याकडे आठवडाभर किल्ली. रविवारी दार उघडायचं, दिवे लावायचे, हीटर चालू करायचा आणि घरी यायचं. प्रार्थनेला कधी बसलो नाही.

मुलगा रातोरात गाडी चालवत हॉस्पिटलात आला आणि मला घरी घेऊन गेला. किल्ली माझ्या खिशातच होती.

"बाबा, किल्ली द्या. शेजारच्या आजींना देऊन येतो. तुम्हाला सुतक आहे."

सुतक मला कोणी शिकवायला नको. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस मी देवघराकडे फिरकलो नव्हतो. पोरगं बरोबर बोलत होतं. तरी मी किल्ली दिली नाही.

मागच्या हिवाळ्यात गावातला एक शेतकरी वारला. त्याची पेटी सरळ चर्चमध्ये आणून देवापुढे ठेवली. मी दाराशी उभा होतो, मला ते बघवेना. मयत आणि देवासमोर? घरी येताना बडबडलो. बायको म्हणाली, "बरंय की. देवाला तरी कळतं कोण गेलं."

तेव्हा मी तिला गप्प बस म्हटलं. आता तेच डोक्यातून जाईना. दहन टौरंगालाच व्हायचं होतं. हिला गावात आणणारच नव्हते. मुलगा म्हातारीच्या दारात उभा राहणार, किल्ली देणार, सांगणार, ती सॉरी म्हणणार. झालं. ती बाकं माझ्या बायकोने पुसलेली, आणि तिथे तिच्याबद्दल एक शब्द नाही?

सकाळी आंघोळ केली. मुलगा झोपलेला होता, त्याला उठवलं नाही. चर्चच्या पायरीवर बराच वेळ थांबलो. पाय उचलवत नव्हता. मग कुलूप काढलं आणि आत गेलो. दिवे लावले, हीटर लावला.

लोक आले. शेजारच्या म्हातारीने बायकोचं विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने माझा दंड धरला आणि सोडलाच नाही. घरी न जाता तिच्या शेजारी मागच्या बाकावर बसलो.

प्रार्थनेच्या मधे पाद्रीबाई गेलेल्यांची नावं घेतात. दोन नावं घेतली आणि आणखी कोणी आहे का म्हणून विचारलं. आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. उभ्या जन्मात मी "अगं" सोडून काही म्हटलं नाही.

मी उभा राहिलो आणि तिचं नाव सांगितलं. पाद्रीबाईंना नीट कळलं नाही. मग पूर्ण सांगितलं, माझ्या नावासकट, आडनावासकट, मोठ्याने. त्यांना म्हणता येईपर्यंत सांगत राहिलो.