चष्मा, ऑपरेशन आणि एकच यादी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं रोज एकत्र चहा प्यायली की ते आपोआप साचतात. माझ्याकडे साचले ते पनवेलच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. केसपेपर, चष्म्याचं दुकान आणि ऑपरेशन अशी आमची तीन सॉफ्टवेअर, तिघांच्या तीन याद्या. त्या मोडून एकच डेटाबेस करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच बजावलं, "ऑपरेशनला नाव लागलेला एकही पेशंट गळता कामा नये."

पहिल्या मीटिंगला तिन्ही विभाग पाच मिनिटांत तयार झाले. मला अगदी भरून आलं. मग जाताना प्रत्येकानं दारात हळूच सांगितलं, "एकच यादी उत्तम. फक्त आमचीच ठेवा."

*

चष्म्याच्या काउंटरवरच्या सलमाताईंच्या यादीत नावंच नव्हती. 'सोनेरी फ्रेम, चिरनेर', 'जाड काच, करंजाडे' असं सगळं! मी कपाळाला हात लावला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "नावानं मला माणूस आठवत नाही. फ्रेम सांगा, नंबरसकट सांगते."

मी तीन फ्रेमी विचारल्या. तिन्ही बरोबर निघाल्या.

*

केसपेपरला पाध्येकाका. जन्मतारीख माहीत नसलेल्या प्रत्येकाला ते एक जानेवारी देत. नव्या डेटाबेसनं त्या दिवशी सगळ्यांना शुभेच्छांचे मेसेज पाठवले. दुपारी एक आजोबा पेढे घेऊन हजर. "आमाला ठावूकच नवता वाढदिवस!"

मी तारीख दुरुस्त करायला बसलो, तर काका म्हणाले, "पेढा खाल्लात ना? मग राहू द्या."

*

एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस, असा नियम मी लावला होता. एका मंगळवारी कोन गावच्या हिराबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला उपाशीपोटी आल्या आणि यादीत त्यांचं नावच नाही. शोधलं तेव्हा कळलं, एकाच नंबरावरची चाळीस माणसं सॉफ्टवेअरनं एक करून टाकली होती. नंबर पाध्येकाकांचा! ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्या नावापुढे काका स्वतःचा नंबर घालत आणि निरोप रिक्षावाल्यांकरवी गावात पोचवत.

ऑपरेशन विभागाच्या जुन्या वहीत हिराबाईंची तारीख सापडली. ऑपरेशन झालं. मी मात्र काकांवर चिडलो होतो. महिनाअखेरीला ते रिटायर होणार, मग या चाळीस जणांना कोण कळवणार?

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर मी काकांदेखत हिराबाईंना विचारलं, "आजी, घरात कुणाचा तरी फोन असेलच ना?"

"पोराचा हाय."

"मग तो सांगा. इथे तोच घालू."

आजींनी नव्या डोळ्यानं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो उचलत नाय. यांचाच ऱ्हाऊ द्या."