उधई खाणाऱ्या बाई

ज्या वर्षांत आमच्या भागात कपाशीवरच्या अळीचं नाव शिवीसारखं घेतलं जाई, त्याच वर्षांत आमच्या शाळेतल्या बाई जेवणाच्या सुट्टीत सर्वांसमोर डबा उघडून उधई खात. पावसाळ्यात वारुळातून निघणारे पंखवाले किडे. खापरावर भाजलेले, सुपात पाखडून पंख उडवलेले, वरून मीठ-तिखट. ज्वारीच्या भाकरीबरोबर त्या इतक्या निवांत खात, की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होई.

आमचं गाव बोरी अरबपासून थोडं आत. चौथीचा वर्ग माझ्याकडे, दुसरीचा बाईंकडे. बाई कोलाम आदिवासी. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशीही कोलामांची एक वस्ती होती. तिला सगळे पोड म्हणत. पोडातली मुलं आमच्याच शाळेत येत आणि दुपारच्या खिचडीच्या पंगतीत टोकाला बसत. त्यांना कुणी तिथं बसवलं नव्हतं. दुसरीकडे बसू दिलं नव्हतं, एवढंच.

खरं तर सुरुवातीला बाईही चारचौघींसारखी बटाट्याची भाजी आणत. मग दुसरीतली सोमी शाळेत येईनाशी झाली. बाई पोडात गेल्या, मीही सोबत होतो. सोमी दाराआड उभी.

"काहून येत नाई व?"

"पोरी मले किडेखाऊ म्हणतेत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात उधई होती.

पोरं भोवती गोळा झाली. "छी! बाई, हे किडे होय?"

"हो. अन् तुमच्या घरी बाजारातून झिंगे कोण कोण आणते?" निम्मे हात वर. "झिंग्याले पाय असतेत?"

"असतेत."

"मिशा?"

"असतेत."

"मंग तो कोण झाला? वांगं?"

पोरं खो खो हसली. बाईंची शिकवण्याची रीतच तशी. रागावण्याआधी त्या हसवत, आणि हसता हसता पोराला स्वतःचं म्हणणं पोरकट वाटू लागे. आठवड्याभरात सोमी शाळेत परतली.

मोठी माणसं मात्र हसली नाहीत. शाळेच्या समितीच्या अध्यक्ष वंदनाताई, चांगल्या कपाशीवाल्या घरच्या. भर सभेत त्या म्हणाल्या, "आमी दिवसभर पाठीवर पंप घेऊन किडे मारून राह्यलो, अन् तुमी लेकरांसमोर ते खाता? उद्यापासून तुमी खिचडीजवळ यायचं नाई."

मुख्याध्यापक पंख्याकडे बघत बसले. बाई उठल्या. आवाज चढला नव्हता, पण पदराचं टोक मुठीत घट्ट होतं. "नाई येत ताई. पण सोमी पंगतीत मधात बसन. तिले कोणी उठवलं तर मी बी उठीन, अन् पोडात जाऊन झाडाखाली शाळा भरवीन."

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या वेळी बाई लांब निंबाखाली उभ्या राहिल्या. सोमी ताटली घेऊन पंगतीच्या मधोमध आली आणि तिथंच अडकली. कुणी हलेना. शेवटी वंदनाताईंचाच मुलगा गजू सरकला. "बस ना व, खिचडी थंडी होते." सोमी बसली. बाईंनी आमच्याकडे पाठ केली आणि निंबाची साल उगाच खरवडत राहिल्या.

त्यानंतर डब्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. काही पोरांनी चवही घेतली. "भाजलेल्या दाण्यावानी लागते," असा निकाल लागला.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली, आणि ती बाईंच्या आपल्याच माणसांत. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पोडात गेलो, तेव्हा तिथल्या बायांनी मोठ्या मायेनं त्यांना टोपलीभर उधई दिली. बाईंनी टोपली नाकाशी नेली. "कुठची हे?"

"खालच्या धुऱ्यावरची. वंदनाबाईच्या वावराच्या."

सकाळी शाळेत येताना बाईंनी त्याच शेतात बांधापर्यंत फवारणी चाललेली पाहिली होती. त्यांनी टोपली तशीच नालीत पालथी केली.

बाया थिजल्या. पोडाचे म्हातारे प्रमुख, नाईक, काठी टेकत उठले. "गावात राहून तुले बी आता आपल्या खाण्याची घाण वाटाले लागली काय?"

"घाण नाई बाबा. औषध हाय त्याच्यात."

"निसते बहाणे!"

मी बाईंना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. गावानं नाक मुरडलं तेव्हा त्या ताठ उभ्या होत्या. हा घाव मात्र वर्मी लागला. पण डोळे पुसून त्या तडक वंदनाताईंच्या घरी गेल्या. ज्या बाईनं त्यांना खिचडीपासून दूर केलं, तिलाच म्हणाल्या, "ताई, माह्यासंग पोडात चाला. तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर ते मानणार नाईत."

वंदनाताईंनी पायात चप्पल सरकवली. पोडात त्या आयुष्यात पहिल्यांदा आल्या असाव्यात. नाईकांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाई खरं सांगून राह्यल्या, बुवा. सकाळीच फवारलं. आमी हात सुदा साबणानं धुतो. लेकरांच्या तोंडी पडू देऊ नका."

नाईक खाली बसले. म्हणाले, "मंग आमी खावं तरी काय?"

"वर जाऊ," बाई म्हणाल्या. "जंगलात. तिथं पंप पोचला नाई अजून."

रविवारी बाई पोडातल्या बायांना घेऊन डोंगर चढल्या. मीही गेलो. वरच्या वारुळांशी चूल मांडली, खापर तापलं, आणि पहिली मूठ नाईकांनी बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी त्यातली निम्मी मला दिली. माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंडंही खाल्लेलं नाही. मी खाल्ली.

पुढे बाईंची बदली पुसदकडे झाली. निवृत्तीनंतर त्या तिकडेच राहिल्या, भेटी विरळ होत गेल्या. यंदाच्या पावसाळ्यात सोमीचा फोन आला. ती आता दारव्ह्याच्या दवाखान्यात नर्स आहे. फोनमध्ये वारा घुमत होता.

"गुरुजी, बाई गेल्या. मले आत्ताच समजलं."

मी विचारलं, "कुठं आहेस तू?"

"डोंगरावर. पोडातल्या साऱ्या बाया हाएत. मी सांगितलं तसे सर्वांनी सुपं खाली ठेवले. चूल बी विझवाले निघाल्या होत्या."

"मग?"

"माह्या मायनं विझवू नाई देली. म्हणे, लेकरं उपाशी हाएत, बाईले चाललं नसतं."


तिच्या मागे सूप पाखडल्याचा आवाज येत होता. फोन ठेवावासा आम्हा दोघांनाही वाटेना.