कोणाच्या घरात किती फोन

हळदीच्या बीटाच्या, म्हणजे लिलावाच्या दिवशी बाजारात बोली लिहिणारे तातेराव सहाच्या आत घरी येत नसत. त्या मंगळवारी ते साडेतीनलाच आले. पायातली चप्पलही न काढता त्यांनी मुलीला विचारले, "विश्वजीत कोन हाय?"

शिवकन्या खुर्च्या सरकवून ठेवत होती. वसमतच्या त्या घरात पुढच्या खोलीत तिचा टंकलेखनाचा वर्ग भरे. दुपारच्या पाच मुली नुकत्याच गेल्या होत्या.

"कोन विश्वजीत?"

"मला काय माहीत? बंटी म्हनला. समद्या बीटात म्हनला. काका, दुपारच्याला तुमच्या घरी विश्वजीत येऊन राहिला, जावई बदलला का काय?"

शिवकन्या तेहतीस वर्षांची. सासर सोडून तिला सहा वर्षे झाली होती. अशा बाईबद्दल बाजारात कोणते वाक्य किती वेगाने पसरते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. बंटी म्हणजे गल्लीत इंटरनेटची तार पुरवणारा. त्याचा पांढरा डबा प्रत्येक घराच्या भिंतीवर होता. त्या डब्याला कोणाचा फोन जोडलेला आहे, हे त्याला आपल्या ऑफिसात बसून नावानिशी दिसत असणार, हे तिच्या तत्काळ ध्यानात आले. विश्वजीतही लगेच सापडला. तो मिनाचा भाऊ. मिना तिची विद्यार्थिनी. भाऊ कामासाठी पुण्याला गेला, जुना फोन बहिणीला देऊन गेला, आणि फोनमधले त्याचे नाव कोणी बदलले नाही.

तिने हे सगळे वडिलांना सांगितले.

"असंल," तातेराव म्हणाले. "पर लोकानं ऐकलं न्हवं का? चार महिने वर्ग बंद ठेव."

बंटी परका होता. त्याच्यावर रागावणे सोपे होते. पण 'विश्वजीत कोण' हे विचारणारा बाप होता, आणि उत्तर मिळाल्यावरही वर्ग बंद करायला सांगणाराही तोच. दुसऱ्या दिवशी पाचांपैकी तीनच मुली आल्या; मिना त्यांत होती.

ती बंटीच्या ऑफिसात गेली.

"मजाक केला ताई. तुमी तर लईच मनाला लावून घेतलं."

"माझ्या घरातले फोन तुला काहून दिसतात?"

"समद्यांचेच दिसतात. हे बघा की." त्याने कौतुकाने पडदा तिच्याकडे वळवला. गल्लीतल्या घरांची आडनावे होती आणि प्रत्येक आडनावाखाली फोनांची नावे. तिने तीन ओळी वाचल्या आणि मग मान फिरवली. त्या तीन ओळी आपण वाचल्या, याचाही तिला संताप आला.

"डब्याचा पासवर्ड दे. माझ्या घरातलं दिसनं मी बंद करते."

"कंपनीचा डब्बा हाय ताई. द्यायची परवानगी न्हाई. तकलीफ असंल तर कनेक्शन तोडून टाका."

गल्लीत दुसरी तार नव्हती आणि मुलींच्या सराव परीक्षा त्याच तारेवर चालत. तोडणे म्हणजे तातेरावांच्या मनासारखे होणे.

तेव्हा तिने ठरवले, डब्याला घर दिसूच द्यायचे नाही. ती ज्या संस्थेत आधी शिकवायची ती बंद पडली, तेव्हा तिथला एक जुना संगणक तिच्या वाट्याला आला होता. त्यात तिने तार जोडायचे दुसरे कार्ड बसवले. एक तार बंटीच्या डब्याकडे, दुसरी घरातल्या वायफायच्या वेगळ्या यंत्राकडे. मधल्या संगणकावर ओपनबीएसडी ही युनिक्सच्या वळणाची, फुकट आणि कोणालाही आतून वाचता येणारी प्रणाली. घरातले सगळे फोन या संगणकाच्या आड राहतील. बंटीला दिसेल ते एकच यंत्र. तारेतून काय जाते-येते याचा थोडाफार अंदाज त्याला तरीही येईल, हे ती जाणून होती. पण घरात कोण बसले आहे, हे कळणार नव्हते.

आत काय सोडायचे आणि काय अडवायचे, याचे नियम एका साध्या फाइलीत लिहायचे होते. शिवकन्याने अकरा वर्षे मुलींकडून सरकारी नोटिसा टंकून घेतल्या होत्या. तिने त्याच शिस्तीत लिहिले: आधी परवानग्या, ओळीने, आणि सर्वांत शेवटी, 'वरील वगळता' म्हणतात तसे, बाकी सर्व बंद.

सर्वच बंद झाले. स्वतःचा फोनही बाहेर जाईना. तिने तारा बदलल्या, कार्ड बदलले, प्रणाली पुन्हा चढवली. दोन दिवस वर्ग इंटरनेटविना चालला.

तातेराव दारातून म्हणाले, "बंटीला बंद कराया निघाली आन् सोताच बंद पडली."

"अप्पा, आत्ता बोलू नका."

"मी कुठं बोलून राहिलो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने अंदाज बांधणे सोडले आणि प्रणालीसोबत येणारी माहितीपुस्तिका पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. त्यात लिहिले होते: नियम वरून खाली तपासले जातात, आणि जुळणाऱ्यांपैकी शेवटचा नियम लागू होतो. म्हणजे तिची शेवटची ओळ वरच्या सगळ्या परवानग्या गिळत होती. तारांचा दोष नव्हता. नोटिशीच्या सवयीचा होता. तिने 'सर्व बंद' ही ओळ उचलून फाइलीच्या डोक्यावर नेली आणि परवानग्या तिच्याखाली ठेवल्या. संगणकाला ती फाइल पुन्हा वाचायला लावली. फोन चालू झाला.

संध्याकाळी बंटी दारात.

"ताई, तुमच्याकडं एकच मशीन दिसून राहिलं. काही बिघाड हाय का?"

"बिघाड न्हाई. तेवढंच दिसनार."

"मग घरात काय चालू हाय ते कसं कळावं?"

"कोनाला?"

"लईच हुशार झाल्या," असे पुटपुटत तो गेला.

तातेराव आतून ऐकत होते. "झालं ना मग? आता सोडून दे."

"डब्यानं सांगायचं ते मी बंद केलं, अप्पा. बीटात बोलला ते तसंच हाय. तो बोलला तवा तुमी तिथंच होते. तुमी काय म्हनले?"

ते धोतराची कड चाचपू लागले. "काय म्हननार. चार लोकं हसले. मी बी हसलो."

शिवकन्या पुढच्या खोलीत जाऊन खुर्च्या सरकवू लागली.

पुढच्या बीटाला ती बाजारात गेली. हळदीच्या ढिगाऱ्यांभोवती व्यापाऱ्यांचा घोळका फिरत होता; तातेराव अडत्याच्या बाजूला उभे राहून बोली लिहीत होते. चहाच्या टपरीपाशी बंटी होता. ती घोळक्याच्या मधोमध उभी राहिली.

"बंटी, विश्वजीत मिनाचा भाऊ हाय. त्याचा जुना फोन ती वापरते. समद्यांसमोर बोलला होतास, म्हनून समद्यांसमोर सांगून राहिले."

"अरे ताई, मजाक..."

"लोकाच्या घरात डोकावनं मजाक न्हाई. यातल्या एकेकाच्या घरात किती फोन हायत ते तुझ्या पडद्यावर हाय. सांग ना, त्यांचं बी सांग मोठ्यानं."

आता कोणी हसले नाही. दोन-तीन जण बंटीकडे वळून पाहू लागले, आणि ती नजर मजेची नव्हती. एकाने विचारलेच, "आमचं बी दिसतं काय रं?"

अडत्या अस्वस्थ झाला. "तातेराव, लिवा पुढची बोली."

"थांबा," तातेराव म्हणाले. लेखणी त्यांनी वहीत ठेवली. मुलीकडे मात्र पाहिले नाही. "तिचं बोलनं बराबर हाय. मी त्या दिशी हसायला नको होतं."

शिवकन्या ऐकून परत फिरली. ते वाक्य बापाने बाजाराला सांगितले होते, तिला नव्हे. आणि हा फरक तिला वाटेत सतत टोचत राहिला. पुढच्या सोमवारी मिना नेहमीसारखी आली, आणि वर्ग सोडून गेलेल्या दोघींपैकी एक आली. दुसरी आली नाही. शिवकन्याने तिची खुर्ची काढली नाही.