नानांचा उजवा गाल

"मुलगी पसंत आहे, पण मुलीच्या वडिलांना रोग आहे म्हणतात," असं मामांनी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले. मी दारात उभी होते. मला वाटलं, मामा दुसऱ्याच कुणाच्या घरचा निरोप चुकून आमच्याकडे घेऊन आलेत.

"कसला रोग?" आईनं विचारलं.

मामांनी आवाज खाली आणला. "चेहऱ्याचा. तो... मोठा रोग." महारोग हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

हे मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. भडगावकडचं हे स्थळ त्यांनीच आणलेलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, माझं बी.एस्सी. झालं होतं, आणि जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे येऊन चहा-पोहे खाऊन गेले होते. मुलगा कृषी खात्यात नोकरीला होता. त्यानं मला एकच विचारलं, "खेड्यात राहायला जमेल का?" "स्वयंपाक येतो का" असं नाही, "गाणं येतं का" असंही नाही, सरळ कामाचं. मला तो आवडला होता. हे तेव्हा मी कुणाला बोलले नाही, आता बोलते. आता माझं कोण काय वाकडं करणार आहे.

नाना, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. सकाळी जळगावहून धुळ्याला गाडी न्यायची, दुपारी तिथून परत निघायचं. माझ्या आठवणीत त्यांचा हाच मार्ग.

मामांनी पुढची गंमतही सांगितली. परतताना पाहुण्यांमध्येच जुंपली होती म्हणे. बाया म्हणाल्या, मुलीचा बाप तर अजून तरणाबांड दिसतो. पुरुष म्हणाले, डोळे फुटले का तुमचे, म्हातारा आहे तो, आणि गालाची कातडी बघितली का. बायकांना आम्ही आत स्वयंपाकघरात बसवलं होतं, पुरुष बाहेर सतरंजीवर, आणि नाना मधल्या दाराशी खुर्चीवर. डावा गाल आमच्याकडे, उजवा पुरुषांकडे. बायकांनी एक माणूस पाहिला, पुरुषांनी दुसरा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून वाईटावर शिक्कामोर्तब केलं.

मला संताप आला. दुसऱ्या दिवशी नानांची सुट्टी होती. ते अंगणात खिळ्याला टांगलेल्या तळहाताएवढ्या आरशात दाढी करत होते. मी डावीकडून बघितलं. माझे नाना, चाळिशीतले, केस काळे, गाल गुळगुळीत. मग बादली उचलायच्या निमित्तानं उजवीकडे गेले आणि जागच्या जागी उभी राहिले.

तिकडे साठी उलटलेला माणूस होता. गालावर खोल घड्या, कातडी जाड आणि पिवळट, डोळ्याच्या कोपऱ्याशी कातडीत मोहरीसारखे काळे दाणे जमलेले, पापणी खाली आलेली. हा गाल इतकी वर्षं कुठे होता? नाना अंधारात घराबाहेर पडायचे, दिवे लागल्यावर यायचे. जेवायला कायम कोपऱ्यात, उजवा खांदा भिंतीला टेकवून बसायचे आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. पण म्हणून काय झालं? स्वतःच्या बापाचं अर्धं तोंड मला परक्या माणसांनी दाखवावं, याचीच मला जास्त चीड आली.

"काय बघतेस?" नाना म्हणाले.

"काही नाही," मी म्हणाले आणि रिकामीच बादली घेऊन आत आले.

आईनं काय करावं? ती बाजारातून एक क्रीम घेऊन आली. त्यात मोत्याची भुकटी आणि जीवनसत्त्व ई असल्याचं दुकानदारानं तिला पटवून दिलं होतं. नानांनी मुकाट्यानं ते लावलं. रस्त्याची सगळी धूळ गालावर चिकटवून ते घरी आले. मग कुठल्याशा मासिकात वाचून शेजारीण म्हणाली, सायीत लिंबू पिळून लावा, कातडी उजळते. आईनं वैशाखातल्या सकाळी, ड्यूटीला निघताना, लिंबाचा रस नानांच्या गालावर स्वतःच्या हातानं चोळला.

संध्याकाळी नाना आले ते गालावर फोड घेऊन. चार-सहा दिवसांत फोड बसले आणि रस जिथून ओघळला होता तिथे तिथे काळे पट्टे उमटले. आई डोक्याला हात लावून बसली. आधी नुसती लोकांची जीभ होती, आता दाखवायला गालही तयार झाला. माझ्याही मनात पाल चुकचुकली, की पाहुणे खरं बोलत असतील तर? मला तर कोणी करणार नाहीच, पण नानांचं स्टिअरिंग सुटेल, आणि उद्या शेजारी आमच्या घरचं पाणीही पिणार नाहीत.

धुळ्याला कातडीचे एक डॉक्टर होते. त्यांच्या पाटीवर त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं तिन्ही लिहिलेलं. ती पाटी वाचून नाना रस्त्याच्या पलीकडेच थांबले. "ओळखीचा पॅसेंजर बघेल," म्हणाले. मी त्यांच्या तोंडाला रुमाल बांधला आणि हाताला धरून आत नेलं.

डॉक्टरांनी नानांना डोळे मिटायला लावले, गालावर कापसाचा बोळा फिरवला, मग टाचणी टोचली. नानांनी डॉक्टरांचा हात झटकला. "झालं," डॉक्टर म्हणाले, "टोचलेलं कळतंय, म्हणजे तो रोग नाही. आणि असता तरी त्याला आता औषधं आहेत, तोंड लपवायचं कारण नाही." मग रुमाल बाजूला ठेवत विचारलं, "ड्रायव्हर का?"

आम्ही काही सांगितलं नव्हतं, नाना घरच्या शर्टात होते.

"दुपारी पूर्वेकडे गाडी चालवता. ऊन दक्षिणेकडून, उघड्या खिडकीतून, ह्याच गालावर. बरोबर?" त्यांनी नानांना शर्टाची बटणं काढायला लावली. छातीखालची, पोटावरची कातडी तर डाव्या गालाहूनही कोवळी होती, एखाद्या पोरासारखी. "हे तुमचं खरं वय," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं उन्हाचं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कातडीच्या आत धागे असतात, काही दोरासारखे ताण धरणारे, काही ताणून परत येणारे. ऊन वर्षानुवर्षं आत जाऊन ते धागे तोडतं. जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक सैल पडतं ना, तसं. आपण वय झालं म्हणतो, त्यातलं बरंचसं हे असतं. मोत्यानं नुसती चकाकी येते, जीवनसत्त्व ई तेलकट असतं, मऊ वाटेल, तुटलेला धागा जोडणार नाही. लिंबाचा रस उन्हात कातडी जाळतो. जीवनसत्त्व अ पासून केलेलं एक औषध आहे, मुरुमांवर देतात, आता सुरकुत्यांवरही वापरू लागलेत, पण ते लावलेली कातडी उन्हाला फार हळवी होते. "तुम्हाला ते देणार नाही. दिवसा झिंकचं पांढरं मलम लावा, म्हणजे आहे तेवढं तरी राहील," ते म्हणाले. "गेलेलं परत येत नाही. खात्री करायची तर तुमच्या स्टँडवरचे जुने ड्रायव्हर बघा."

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तरी आई लिंबू चोळत होती तेव्हा मी नुसती बघत होते.

पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. मामांना म्हटलं, "मुलाच्या वडिलांना जळगाव स्टँडवर घेऊन या. काय सांगायचं ते सांगा, पण आणा." नाना नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

ते आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, चेहरा आंबट. कँटीनच्या बाकावर जुने ड्रायव्हर चहा पीत ओळीनं बसले होते, त्यांत नानाही. मी मुलाच्या वडिलांना आधी ड्रायव्हरांच्या डाव्या हाताच्या टोकाला उभं केलं, मग बाकाला वळसा घालून उजव्या टोकाला नेलं. एकामागून एक, सगळ्यांचे उजवे गाल तसेच. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. इतक्या वर्षांत ते त्या ड्रायव्हरांनीही एकमेकांचं बघितलं नव्हतं. एकाचा कप तोंडाशीच राहिला. दुसरा म्हणाला, "भाऊ, तिकीट काढा, हा खेळ फुकट नाही."

मुलाचे वडील हसले नाहीत. मामांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "बठ्ठा असाच शेतस?" सगळेच असे आहेत का, असं अहिराणीत. मग नानांच्या शेजारी, त्यांच्या उजव्या बाजूला, बाकावर बसले आणि चहा मागितला. निघताना म्हणाले, "मंडळी, आवरायला लागा, तारीख काढतो."

दुसऱ्या दिवसापासून नाना अर्ध्या तोंडाला पांढरं फासून गाडी चालवू लागले. कंडक्टर म्हणे, पोळ्याचा बैल रंगवायचा अर्धा राहिला. नाना हसायचे.

तारीख ठरली त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. नाना नेहमीप्रमाणे भिंतीकडे सरकले. मी म्हटलं, "आता तरी नीट ऐसपैस बसा ना. आता काय लपवायचंय?"

त्यांनी भाकरी मोडली. म्हणाले, "लहान होतीस. दुपारीच ड्यूटीवरनं आलो होतो. तू ह्या बाजूनं माझ्याकडे बघितलंस आणि आईच्या मागे लपलीस. रडायला लागलीस. तेव्हापासून भिंतीकडे बसतो."

मला काही आठवत नव्हतं. "मग पाहुण्यांसमोर तसे कशाला बसलात? खुर्ची फिरवली असती तर एवढं रामायण झालंच नसतं."

"फिरवली असती," नाना म्हणाले. "पण चहा घेऊन तू आतून येणार होतीस, माय. आधीच घाबरलेली. म्हटलं, तुला तरी बरा गाल दिसावा."

आई उठून उगाचच पाणी आणायला गेली. मी ताट उचललं आणि पलीकडच्या बाजूला गेले. भिंत आणि नाना यांच्यामध्ये जागा नव्हती, म्हणून त्यांना सरकायला सांगितलं.