लाल शेपटीचा उंदीर

शके १८०२, मार्गशीर्ष वद्य तृतीया. ठाण्यातल्या घरी नवा तांदूळ कणगीत भरायला घेतला, तर कणगीला पुन्हा भोक! उंदीर गणपतीचे वाहन, म्हणून आमच्याकडे मारत नसत. पिंजऱ्यात सापडला की यजमान त्याला तळ्यापलीकडे नेऊन सोडत.

मी म्हटले, "तोच परत येतो."

"एवढ्या लांबून? छे! दर वेळी नवा असतो. तोच आला तर खुशाल मांजर आण."

मांजराचे त्यांना वावडे होते, आणि मला वर्षाचा तांदूळ वाचवायचा होता. गजांतून बाहेर लोंबणाऱ्या शेपटीला मी तेलात कालवलेले कुंकू फासले आणि उंदीर त्यांच्या हवाली केला.

आठवड्याभरात लाल शेपटी पुन्हा आमच्याच पिंजऱ्यात! मी यजमानांना दाखवत होते, तेवढ्यात तळ्यापलीकडच्या मामी आल्या.

"अगं बाई, हा इथे होय? परवा आमच्याकडे सापडला. आम्हीही मारत नाही हो. यांनी तुमच्या बाजूला आणून सोडला."

यजमानांना जोर आला. "बघ! स्वतःहून नाही आला."

"पायी येवो नाहीतर पालखीतून. आला ना?"

"आणि मांजराने मारला तर?"

"ते मांजर आणि गणपती बघून घेतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळीवाड्यातून टोपलीत घालून मांजराची दोन पिल्ले आणली. एक तळ्यापलीकडे मामींकडे पोचते केले.