कंजूस सिस्टर

माझी बायको सुहासिनी लखनौच्या एका रुग्णालयात नर्स आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात तिला ‘कंजूस सिस्टर’ म्हणतात, आणि ते खरंच आहे. ऑक्सिजन ती मोजूनमापून देते. मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वद ते पंच्याण्णवच्या मध्ये हवा. वर चढला की तिचा हात बटणाकडे गेलाच. नव्या डॉक्टरांनाही ती ऐकवते, “ऑक्सिजन भी दवा है, डॉक्टर साहब. ज़्यादा दोगे तो फेफड़े झुलसेंगे.” मी रेल्वेतला इंजिनिअर, पण घरात माझं एवढं कोणी ऐकत नाही.

२०११च्या जानेवारीत जवळच्या बख्शी का तालाब गावाहून नऊशे ग्रॅमची एक मुलगी आली. तिचे वडील गोपीनाथ गणिताचे मास्तर. ब्याण्णव आकडा बघून त्यांचा जीव खालीवर होई. सुहासिनीची पाठ वळताच त्यांनी बटण फिरवलं. आकडा शंभर झाला. लेक पैकीच्या पैकी मिळवून पास झाल्यासारखे मास्तर खूश! सुहासिनीने बटण मागे आणलं तसे ते भडकले. “मेरी बच्ची की साँस काट रही हैं आप! मैं इसे दूसरे अस्पताल ले जाऊँगा.”

त्या थंडीत एवढ्याशा जिवाला हलवणं म्हणजे खेळ नव्हता. सुहासिनीने वाद घातला नाही. मला फोन केला.

“अहो, सावनीला घेऊन या. आणि बोलायचं तुम्ही.”

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. आमची सावनी २००२ साली सातव्या महिन्यात जन्मली. सुहासिनी ऑपरेशननंतर पडून होती. बाळाच्या काचेच्या पेटीजवळ मी उभा असायचो. डॉक्टर ऑक्सिजन कमी करायला निघाले की मी भांडायचो, हातापाया पडायचो. कितीतरी दिवस आकडा शंभरवर ठेवून घेतला आणि वर मिशीला पीळ दिला. सावनीची फुप्फुसं कायमची अधू झाली, ती ऑक्सिजनच्या सिलेंडरसकट घरी आली. डॉक्टर म्हणतात, तेवढं एकच कारण नसतं. मला तेवढंच दिसतं. सुहासिनीने मला कधी बोल लावला नाही, फक्त या वॉर्डात बदली मागून घेतली.

रुग्णालयाचा एक जिना चढून सावनीला धाप लागली. बाकावर बसून ती श्वास गोळा करत होती. मी मास्तरांना सगळं सांगितलं.

“बाबा, आपने करवाया था?” सावनीने विचारलं.

“हो बेटा. मीच.” मला तिच्याकडे बघवेना.

मास्तरांनी तिच्या धापा मोजल्या. मग म्हणाले, “सिस्टर, बानवे ही रखिए.”

एप्रिलमध्ये ती मुलगी सिलेंडरशिवाय घरी गेली.

२०१६ मध्ये मास्तर तिला घेऊन आमच्या तेलीबागच्या घरी आले. सावनी त्यांना घ्यायला खाली गेली होती. पोरगी दोन मजले धावत चढली आणि दार बडवू लागली. मास्तर मागून आले. सावनी सगळ्यात शेवटी, दर वळणावर थांबत. दाराला टेकून, धापा टाकत ती हसली.

“बाबा, देखा? ये तो भागती है!”

सुहासिनी सावनीसाठी पाणी आणायला गेली. मी लेकीला दारातच खुर्ची दिली आणि तिच्या पायाशी बसलो.